घरांतली बाग आणि इलेक्ट्रॉनिक चोक

शहरांत राहणाऱ्या माणसाची झाडांची हौस जागेच्या टंचाईनें मरत नाहीं. ती फक्त आपलें बिऱ्हाड बदलते. अंगण गेलें तेव्हां ती गच्चीवर गेली, गच्ची गेली तेव्हां गॅलरींतल्या कुंड्यांत आली, आणि जेथें गॅलरीही समोरच्या इमारतीच्या सावलींत बुडाली तेथें ती आतां खोलीच्या कोपऱ्यांत विजेच्या दिव्याखालीं येऊन बसली आहे. कोणी ऑर्किड जोपासतो, कोणी गव्हांकुर वाढवितो, कोणी पुदिन्याची आणि कोथिंबिरीची घरच्या घरीं सोय पाहतो. अशा ठिकाणीं चर्चा होते ती दिव्याची. त्याचा रंग कोणता, तो किती उंचीवर टांगावा, किती तास लावावा, याची. त्या दिव्यामागें एक लहानशी पत्र्याची पेटी असते, तिचा विचार क्वचितच होतो. शास्त्रीय ग्रंथांत तिला बॅलास्ट म्हणतात. आपल्याकडील वायरमन आणि दुकानदार तिला इलेक्ट्रॉनिक चोक या नांवानें ओळखतात. दिवा सुरळीत लागतो तो या पेटीमुळें, आणि अपघाताचीं बीजें दडलेलीं असतात तींही बरीचशीं तिच्याच आसपास. तिचें कार्य काय, तिच्यापासून धोका कोणता, आणि तो टाळावा कसा, एवढाच या भाषणाचा विषय आहे.

विजेच्या प्रकाशांत झाडें वाढवितां येतात, ही कल्पना आजची नाहीं. १८६१ सालीं फ्रान्समधील एर्व्हे मांगाँ या शास्त्रज्ञानें विजेच्या कमानदिव्याखालीं कोवळ्या पानांत हरितद्रव्य तयार होतें असें दाखविलें. १८८० सालीं विल्यम सीमेन्स या प्रख्यात अभियंत्यानें इंग्लंडांत केलेल्या अशाच प्रयोगांचे निष्कर्ष लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मांडले. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत लिबर्टी हाइड बेली यांनीं १८९१ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत असें आढळलें कीं, उघड्या कमानदिव्याजवळ ठेवलेलीं रोपें करपतात. परंतु त्याच दिव्यावर काचेचें आवरण घातलें कीं ही हानि पुष्कळ कमी होते. दिव्यांतून निघणारे अतिनील किरण काच अडविते, हें त्याचें कारण. पुढें १९२० सालीं गार्नर आणि अ‍ॅलर्ड या शास्त्रज्ञद्वयानें दिवसाच्या लांबीचा फुलण्याशीं असलेला संबंध उघड केला, आणि १९४९ सालीं कॅलिफोर्नियांत फ्रिट्स वेंट यांच्या देखरेखीखालीं प्रकाश, उष्णता व आर्द्रता हीं तिन्ही मनाजोगीं ठेवतां येतील अशी वनस्पतींची प्रयोगशाळा उभी राहिली. या साऱ्या इतिहासांतून एक गोष्ट ध्यानांत येते. झाडाला केवळ प्रकाश देऊन भागत नाहीं. तो कोणत्या साधनांतून, कोणत्या आवरणांतून आणि किती वेळ येतो, यालाही तितकेंच महत्त्व आहे.

आतां प्रश्न असा कीं, घरांत दिवे तर नेहमींच असतात. मग झाडांच्या दिव्याबद्दल एवढी विशेष काळजी कां? उत्तर सोपें आहे. भर दुपारच्या उन्हाची तीव्रता एक लाख लक्सच्या घरांत असते. उलट चांगल्या उजेडाच्या म्हटलेल्या खोलींतही रात्रीं दोन-चारशें लक्सहून अधिक प्रकाश क्वचित् असतो. माणसाच्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाहीं, कारण डोळा आपोआप जुळवून घेतो. पान तसें जुळवून घेऊं शकत नाहीं. म्हणून झाडांसाठीं दिवा प्रखर लागतो, तो झाडाच्या जवळ टांगावा लागतो, आणि रोज बारा ते सोळा तास तेवत ठेवावा लागतो. बैठकीच्या खोलींतला दिवा चार-पांच तास, तोही माणसांच्या डोळ्यांदेखत जळतो. झाडांवरचा दिवा मात्र घरांतलीं माणसें कामावर गेलेलीं असतांना, किंवा झोपलेलीं असतांना जळत राहतो, आणि त्याच्या खालीं रोज पाणी शिंपडलें जातें. वीज, पाणी आणि माणसाची गैरहजेरी या तीन गोष्टी एकाच कोपऱ्यांत एकत्र नांदतात; म्हणूनच हा कोपरा घरांतल्या इतर कोपऱ्यांसारखा मानतां येत नाहीं.

बॅलास्टची गरज कां पडते, हें समजण्यासाठीं दिव्याच्या स्वभावाकडे पाहिलें पाहिजे. जुन्या पद्धतीच्या बल्बांत धातूची तार तापून प्रकाश देत असे. तार तापली कीं तिचा रोध वाढतो आणि प्रवाह आपोआप आटोक्यांत राहतो. ट्यूबची गोष्ट उलटी आहे. तिच्यांत तार नसते. अत्यंत विरळ वायु आणि पाऱ्याची वाफ असते. तिच्यांतून वीज वाहूं लागली कीं प्रवाह जसजसा वाढतो तसतसा वायूचा रोध कमी होत जातो. रोध कमी झाला कीं प्रवाह आणखी वाढतो. उतारावर सुटलेल्या गाड्याप्रमाणें ही वाढ कोठें थांबतच नाहीं. अशी नळी सरळ घरच्या विजेला जोडली तर ती क्षणार्धांत फुटेल किंवा फ्यूज उडेल. तेव्हां या गाड्याला कोणी तरी मागें ओढून धरणारा हवा. तें काम बॅलास्ट करतो. मूळ इंग्रजी शब्द नौकानयनांतला आहे: जहाज डोलूं नये म्हणून त्याच्या तळाशीं जें वजन भरतात, ज्याला मराठींत नीरम म्हणतात, तेंच त्याचें मूळ नांव. जहाजाला नीरम, तसा दिव्याला बॅलास्ट. दोहोंचेंही काम स्थैर्य देणें हेंच.

ट्यूब बाजारांत आली ती १९३८ सालीं, अमेरिकेंत. त्यानंतर कित्येक दशकें हें स्थैर्याचें काम लोखंडी पत्र्यांभोंवतीं तांब्याची तार गुंडाळून केलेला जड चोक करीत असे. तो गुणगुणे, तापे, आणि स्टार्टरच्या साहाय्यानें दोन-चार वेळां लुकलुकून ट्यूब पेटवी. घरच्या विजेचीं सेकंदाला ५० आवर्तनें होत असल्यामुळें ट्यूबचा प्रकाश सेकंदाला १०० वेळां कमीजास्त होई. परंतु हा चोक राकट होता. त्यांत बिघडण्यासारखें फारसें कांहीं नव्हतें.

इलेक्ट्रॉनिक चोकची रीत निराळी. तो घरची २३० व्होल्टांची वीज प्रथम एकदिश करतो. तसें करतांना तिचा दाब शिखरापर्यंत, म्हणजे सुमारें ३२५ व्होल्टांपर्यंत चढतो. कांहीं चोकांत तो मुद्दाम ४०० व्होल्टांच्या आसपास नेलेला असतो. ही वीज एका कंडेन्सरमध्यें सांठविली जाते, आणि मग अतिवेगानें उघडझाप करणाऱ्या ट्रान्झिस्टरांच्या जोडीनें तिचीं सेकंदाला वीस हजारांहून अधिक आवर्तनें केलीं जातात. ट्यूबच्या बाबतींत याचा लाभ मोठा आहे. लुकलुकणें थांबतें, गुणगुण ऐकूं येत नाहीं, पेटी हलकी होते, आणि तेवढ्याच विजेंत सुमारें दहा टक्के अधिक प्रकाश मिळतो. मात्र जुन्या चोकांत जेथें केवळ लोखंड आणि तांबें होतें तेथें आतां कंडेन्सर, ट्रान्झिस्टर आणि नाजूक जोड आले. उपकरण जितकें चतुर, तितकें तें आपल्या मर्यादांविषयीं हट्टी. त्या मर्यादा पाळल्या तर तें वर्षानुवर्षें चाकरी करतें, न पाळल्या तर सूड उगवितें.

पहिली मर्यादा जोडीची. प्रत्येक चोक विशिष्ट प्रकारच्या, विशिष्ट वॉटच्या आणि विशिष्ट संख्येच्या दिव्यांसाठीं बांधलेला असतो. ३६ वॉटच्या जाड ट्यूबचा चोक ५४ वॉटच्या बारीक ट्यूबला चालत नाहीं. चार ट्यूबांच्या चोकवर तीनच ट्यूबा लावून एक जागा रिकामी ठेवणें, हेंही पेटीवर तशी परवानगी छापलेली असल्याखेरीज योग्य नव्हे. ज्यांनीं ट्यूब सोडून सोडियमचा किंवा मेटल हॅलाइडचा मोठा दिवा घेतला असेल त्यांनीं हा नियम अधिक कटाक्षानें पाळावा, कारण हे दोन दिवे दिसावयास सारखे असले तरी त्यांच्या मागण्या भिन्न असतात. अतिवेगाच्या आवर्तनांनीं अशा दिव्याच्या आंतल्या नळींतील वायूंत ध्वनिलहरींसारखे कंप उठतात. चोक आणि दिवा एकमेकांना अनुरूप नसतील तर ज्योत थरथरूं लागते आणि आंतली नळी तडकण्यापर्यंत पाळी येते. जोडी जुळवितांना विजेचा दाबही पाहिला पाहिजे. अमेरिकेंत घरगुती वीज १२० व्होल्टांची असते. तेथून कोणी आप्तानें प्रेमानें आणलेला चोक केवळ तेवढ्याच दाबासाठीं केलेला असेल, तर तो आपल्याकडे बटण दाबतांक्षणींच जळून जातो. यास्तव पेटीवरील छापील पट्टी वाचल्यावांचून एकही तार जोडूं नये.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. आणि सर्व गोष्टींत हिचें स्थान पहिलें आहे असें म्हटलें तरी चालेल. इलेक्ट्रॉनिक चोकच्या तोंडाशीं विजेंतील कुरकुर गाळण्यासाठीं लहान कंडेन्सर बसविलेले असतात. त्यांतील कांहीं फेजच्या तारेपासून पत्र्याच्या पेटीपर्यंत, आणि कांहीं न्यूट्रलपासून पेटीपर्यंत जोडलेले असतात. पेटीला अर्थिंग असेल तर त्यांतून जाणारा अत्यल्प प्रवाह निमूटपणें जमिनींत जातो. अर्थिंग नसेल तर पेटी अधांतरी राहते, आणि तिच्यावर विजेच्या दाबाच्या निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टांच्या आसपास दाब येऊन बसतो. टेस्टर लावला तर तो उजळतो. हात लावला तर झिणझिण्या येतात. पुष्कळ घरांत या झिणझिण्या म्हणजे चोकचा स्वभावच समजून सोडून दिल्या जातात. हीच खरी धोक्याची जागा. प्रवाह अल्प असल्यामुळें आज त्यानें इजा होत नाहीं. परंतु या झिणझिण्या सांगत असतात कीं, पेटीला जमिनीची वाट नाहीं. उद्यां आंतली एखादी तार सुटून पेटीला टेकली तर पूर्ण २३० व्होल्ट त्या पत्र्यावर येतील, फ्यूज उडणार नाहीं, आणि ओल्या हातानें कुंडी सरकविणाऱ्या माणसाच्या देहांतूनच विजेला वाट मिळेल. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणींत खुपसणें, किंवा तिसरी पिन अडते म्हणून कापून टाकणें, हे प्रकार म्हणूनच अक्षम्य होत. भिंतींतल्या सॉकेटला तिसरें भोंक आहे एवढ्यानें अर्थिंग आहे असें सिद्ध होत नाहीं. विशेषतः जुन्या इमारतींत तें तज्ज्ञ वायरमनकडून तपासून घ्यावें. पेटी, दिव्याचा पत्र्याचा परावर्तक आणि लोखंडी मांडणी, या तिन्हींना अर्थिंगची तार पोंचली पाहिजे.

याच्या जोडीला घराच्या मुख्य फलकावर ३० मिलिअँपियरची आर.सी.सी.बी. असावी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पुरा परत आला नाहीं, म्हणजे कोठें तरी झिरपला, कीं ती क्षणार्धांत वीज तोडते. तथापि तिच्यावर सर्वस्वीं विसंबूं नये. चोकमधून बाहेर पडणारी वीज अतिवेगी आवर्तनांची असते, आणि प्रत्येक आर.सी.सी.बी.ला तिची जाणीव होईलच असें नाहीं. ही कळ म्हणजे पहारेकरी आहे. दाराला कडी लावण्याचें काम अर्थिंगनेंच करावयाचें आहे.

तिसरा धोका वीज बंद केल्यानंतरचा. बटण बंद केलें, दिवा विझला, म्हणजे संकट टळलें, असें सामान्य माणसास वाटतें. परंतु चोकच्या पोटांतील कंडेन्सरांत वीज सांठून राहिलेली असते. १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ४०० व्होल्टांवर भरलेला असला तर त्यांत ८ ज्यूल ऊर्जा असते. बोटाला भाजून काढण्यास, आणि दचकून माणूस स्टुलावरून खालीं पडण्यास तेवढी पुरेशी आहे. चांगल्या चोकांत ही वीज हळूहळू निचरून जाण्याची योजना असते, पण ती योजनाही बिघडूं शकते. म्हणून चोकची पेटी घरीं उघडूं नये, हा नियम निरपवाद समजावा. ती दुरुस्तीची वस्तु नव्हे. बिघडली तर बदलावयाची वस्तु आहे. ट्यूब बदलतांनाही केवळ बटण बंद करून थांबूं नये. पुष्कळ ठिकाणीं तारा उलट जोडल्या गेल्यामुळें बटण फेजऐवजीं न्यूट्रल तोडतें, आणि दिवा विझला तरी पेटींत फेज जिवंत राहतो. प्लग उपटून बाजूला ठेवावा, पांच मिनिटें थांबावें, आणि मगच ट्यूबला हात घालावा. चालू वीज असतांना ट्यूबचें एक टोक खांचेंत आणि दुसऱ्या टोकाच्या पिना हातांत, अशी अवस्था तर कधींही येऊं देऊं नये. अशा वेळीं चोकची सारी उठाठेव त्या हातामार्फतच जमिनीकडे धांवते. अतिवेगी आवर्तनांच्या विजेनें होणारी इजा फसवी असते. तिचा झटका कमी जाणवला, तरी भाजणें मात्र खोलवर होतें.

सोडियमच्या मोठ्या दिव्याची कथा याहून तीव्र आहे. तो पेटविण्यासाठीं चोक त्याला अडीच हजारांपासून चार-पांच हजार व्होल्टांपर्यंत क्षणिक तडाखे देतो. साध्या पंख्याच्या तारेचें आवरण हे तडाखे सोसण्यासाठीं केलेलें नसतें. म्हणून दिवा आणि चोक यांना जोडणारी तार उत्पादकानें दिलेलीच वापरावी, तिला मध्यें जोड देऊन लांबवूं नये, आणि ती घरच्या विजेच्या तारेबरोबर एकाच जुडग्यांत बांधूं नये. दिवा विझल्यावर तो लगेच पुन्हां लागत नाहीं. आंतील वाफ निवेपर्यंत कांहीं मिनिटें वाट पाहावी लागते. तो लागत नाहीं म्हणून वारंवार बटण दाबणें म्हणजे चोकला आणि तारांना व्यर्थ हजारों व्होल्टांचे तडाखे सोसावयास लावणें होय. मेटल हॅलाइड दिव्याची बाहेरची काच फुटली आणि आंतली नळी तरीही जळत राहिली, तर तो दिवा तत्काळ बंद करावा. त्या काचेनें अडविलेले अतिनील किरण आतां मोकळे सुटतात, आणि डोळ्यांना व कातडीला गंभीर इजा करतात. बेली यांच्या रोपांना शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं जें भोगावें लागलें, तेंच येथें माणसाला भोगावें लागतें.

आतां विजेच्या भाराचा हिशेब. ५४ वॉटच्या चार ट्यूबा घेतल्या तर ट्यूबांचे २१६ वॉट आणि चोकमध्यें खर्च होणारे कांहीं मिळून सुमारें २३५ वॉट होतात. म्हणजे प्रवाह एक अँपियरच्या आसपास, आणि रोज चौदा तास दिवा लावला तर खर्च सवातीन युनिटांच्या जवळपास. हा भार ६ अँपियरच्या सॉकेटला सहज पेलतो. ६०० वॉटचा सोडियम दिवा सुमारें पावणेतीन अँपियर, तर १००० वॉटचा पावणेपांच अँपियरच्या आसपास घेतो. तो बारा-बारा तास सतत चालणार असल्यामुळें त्याच्यासाठीं १६ अँपियरचें स्वतंत्र सॉकेट आणि स्वतंत्र तार असणेंच इष्ट. एका सॉकेटला वाटणी-पट्टी, तिला दुसरी वाटणी-पट्टी, आणि त्यावर पाण्याचा पंप, पंखा व दिवे, अशी वंशावळ तयार होऊं देऊं नये. सैल बसलेला प्लग हा तर आगीचा जुना मित्र. दिवा तासभर जळल्यावर प्लगला हात लावून पाहावा. तो गरम लागला तर सॉकेट बदलावें.

पुष्कळ लोक दिवा आपोआप लागावा-विझावा म्हणून टायमर बसवितात. आणि तें योग्यही आहे, कारण झाडाला रात्र ही दिवसाइतकीच हवी असते. शेवंतीसारख्या लहान दिवसाच्या झाडाला रात्रीं उजेड मिळत राहिला तर तें फुलतच नाहीं. परंतु येथें एक बारकावा आहे. इलेक्ट्रॉनिक चोक सुरू होतांना त्यांतले रिकामे कंडेन्सर एकदम भरूं लागतात, आणि सेकंदाच्या अत्यंत लहान अंशापुरता कां होईना, नेहमींच्या कित्येक पट प्रवाह खेंचतात. टायमरवर १० अँपियर छापलेलें असतें तें बहुधा शेगडीसारख्या साध्या भारासाठीं असतें. या धक्क्यानें टायमरच्या आंतले संपर्क-बिंदु एकमेकांना चिकटून बसतात, आणि मग दिवा विझतच नाहीं. यासाठीं अशा भाराला योग्य असाच टायमर घ्यावा. भार मोठा असेल तर टायमरनें फक्त काँटॅक्टर चालवावा आणि काँटॅक्टरनें दिवे. अनेक चोक असतील तर ते एकाच क्षणीं न लावतां थोड्या थोड्या अंतरानें लावावे.

उष्णता हा चोकचा घरभेदी शत्रु आहे. त्यांतील द्रवयुक्त कंडेन्सर उष्णतेनें आंतून सुकत जातात; तपमान दहा अंशांनीं वाढलें कीं त्यांचें आयुष्य सुमारें निम्मे होतें, असा व्यवहारांतला ठोकताळा आहे. चांगल्या चोकच्या पेटीवर ‘टीसी’ या अक्षरांनीं खूण केलेला एक ठिपका असतो, आणि त्या जागीं पेटी जास्तींत जास्त किती तापूं द्यावी हा आंकडा तेथेंच छापलेला असतो. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यांत खोलीचें तपमानच इतकें चढतें कीं, बंद कपाटांत ठेवलेल्या चोकला ती मर्यादा ओलांडावयास वेळ लागत नाहीं. म्हणून पेटी भिंतीवर, मोकळ्या हवेंत, पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या पृष्ठावर स्क्रूनें पक्की बसवावी. ती लाकडी फळीवर ठेवून तिच्यावर वर्तमानपत्रें, पडदा किंवा वाळत घातलेले कपडे येऊं देऊं नयेत. आणि दोन चोकांमध्यें हवा खेळेल इतकें अंतर ठेवावें. महिन्यांतून एकदां, प्लग काढून, कोरड्या फडक्यानें धूळ पुसावी. ट्यूब आणि पडदा, सोडियमचा दिवा आणि छत, यांच्यांतही भरपूर अंतर हवें. मोठ्या दिव्याची काच कागद पेटविण्याइतकी तापते.

पाण्याविषयीं वेगळें सांगावयास नको असें वाटेल. परंतु बहुतेक मांडण्यांत पाण्याची वाट नेमकी चुकीच्या दिशेनें असते. वरच्या फळीवर कुंड्या आणि खालच्या फळीखालीं चोक, ही रचना म्हणजे पेटीवर रोज अभिषेक. चोक नेहमीं कुंड्यांच्या वर आणि बाजूला असावा, जमिनीवर कधींच नसावा. वॉशिंग मशीनचें किंवा खिडकींतून आलेल्या पावसाचें पाणी जमिनीवरूनच येतें. चोकपर्यंत किंवा सॉकेटपर्यंत येणाऱ्या तारेला त्याच्या खालीं एक झोल द्यावा. म्हणजे तारेवरून ओघळणारें पाणी झोलाच्या तळाशींच गळून पडतें, आंत शिरत नाहीं. पानांवर फवारा मारावयाचा तो दिवा बंद करूनच. तापलेल्या काचेवर थंड थेंब पडला तरी काच तडकते. कोंकणांत आणि मुंबईस पावसाळ्यांत हवाच इतकी दमट असते कीं, कांहीं दिवस बंद असलेला चोक एकाएकीं लावण्यापूर्वीं पेटी कोरडी आहे याची खात्री करून घ्यावी.

एक उपद्रव असा आहे कीं, तो झाडांच्या मालकाला कळत नाहीं, शेजाऱ्याला कळतो. चोकमधील अतिवेगी उघडझापीचे पडसाद मध्यम लहरींच्या पट्ट्यापर्यंत पोंचतात, आणि आकाशवाणीच्या कार्यक्रमांत घरघर मिसळते. चांगल्या चोकांत हे पडसाद गाळून टाकण्याची सोय असते; स्वस्त चोकांत ती काटकसरीला बळी पडते. अमेरिकेंत २०१४ सालीं एआरआरएल या हौशी रेडिओ-प्रक्षेपकांच्या संघटनेनें झाडांच्या दिव्यांच्या अशा चोकांविरुद्ध तेथील दळणवळण आयोगाकडे तक्रार केली होती. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं असा दिवा असेल त्यांनीं मध्यम लहरींचा लहान रेडिओ घेऊन चोकजवळ जावें. दोन हातांवर घरघर विरून गेली तर ठीक. ती साऱ्या घरभर ऐकूं आली तर चोकच्या आंतल्या गाळणींत, किंवा तिला आधार देणाऱ्या अर्थिंगमध्यें कांहीं तरी उणें आहे असें समजावें. रेडिओ येथें केवळ करमणुकीचें साधन राहत नाहीं. तो विनामूल्य परीक्षक होतो.

चोक एकदम मरत नाहीं; तो आधीं लक्षणें दाखवितो. ट्यूबचीं टोकें काळवंडणें, प्रकाश थरथरणें, दिवा लागावयास वेळ लागणें, पेटीला करपट किंवा मासळीसारखा वास येणें, डांबरासारखा पदार्थ बाहेर झिरपणें, यांपैकीं एकही लक्षण दिसलें कीं दिवा त्याच क्षणीं बंद करावा. जुनी ट्यूब शेवटच्या दिवसांत चोकला फार ओढ देते. चांगला चोक तें ओळखून स्वतः बंद होतो, हलका चोक तापत राहतो. खरेदीच्या वेळीं किंमतीपेक्षां भारतीय मानक ब्यूरोची खूण, छापील मर्यादा आणि बंद होण्याची ही सोय पाहावी. ट्यूबच्या इलेक्ट्रॉनिक चोकसाठीं भारतीय मानक १३०२१ या क्रमांकाचें आहे.

ट्यूब फुटली तर आणखी एक काळजी. तिच्यांत कांहीं मिलिग्रॅम पारा असतो. खिडक्या उघडून खोली थोडा वेळ रिकामी ठेवावी. केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरूं नये, कारण त्यानें पारा अधिकच पसरतो. तुकडे जाड कागदानें गोळा करून, बारीक कण चिकटपट्टीनें उचलून, पिशवींत बंद करावे आणि ई-कचरा घेणाऱ्या ठिकाणीं द्यावे. याच पाऱ्यामुळें ट्यूबचें युग आतां सरत आलें आहे. मिनामाता करारांतील राष्ट्रांनीं २०२३ सालीं जिनिव्हा येथें सरळ ट्यूबांचें उत्पादन व आयात-निर्यात २०२७ अखेर संपविण्याचें ठरविलें. तेव्हां आज नव्यानें मांडणी करणारानें एल.ई.डी. दिव्यांचाच विचार करावा, हेंच प्रामाणिक उत्तर होय. मात्र एल.ई.डी.ची नळी जुन्या पट्टींत बसते म्हणून ती जुन्या चोकवर चालेलच असें नाहीं. कांहीं नळ्या चोक काढून टाकून थेट विजेवर चालवावयाच्या असतात. त्या चोकवर लावल्या तर नळी, चोक, किंवा दोन्ही जळतात. बदल करावयाचा तर वायरमनकडून तारा बदलून घ्याव्या, आणि पट्टीवर तशी स्पष्ट चिठ्ठी लावावी, म्हणजे पुढें कोणी नकळत तिच्यांत जुनी ट्यूब बसविणार नाहीं.

शेवटीं एक गोष्ट, जी विजेच्या शास्त्रांत मोडत नाहीं, पण तिच्याइतकीच महत्त्वाची आहे. ज्यानें ही मांडणी उभी केली त्याला तिच्या खोडी ठाऊक असतात. परंतु तो दिवसभर बाहेर असतो. कुंड्यांना पाणी घालते ती घरची आजी, फरशी पुसते ती कामाला येणारी बाई, आणि दिव्याच्या जांभळट प्रकाशानें ओढला जाऊन जवळ जातो तो मुलगा. धोका ओढवतो तो या तिघांवर, आणि बहुधा यांनाच कोणी कांहीं सांगितलेलें नसतें. म्हणून मांडणीजवळ मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहून लावाव्या: पाणी घालण्याआधीं दिवा बंद करावा, पेटीला हात लावूं नये, झिणझिण्या आल्या, वास आला किंवा ठिणगी दिसली तर मुख्य बटण बंद करावें, आणि पेटलेल्या विजेच्या वस्तूवर पाणी ओतूं नये. तें मुख्य बटण कोठें आहे हेंही घरांतल्या प्रत्येकाला, मोलकरणीसह, एकदां हात धरून दाखवावें. सुरक्षितता ही चोकच्या पेटींत विकत मिळत नाहीं. तिचा निम्मा भाग तारांत असतो, आणि उरलेला निम्मा त्या घरांत वावरणाऱ्या सर्वांच्या माहितींत. सूर्याचें काम माणसानें अंगावर घेतलें आहे खरें. परंतु सूर्य नऊ कोटी तीस लक्ष मैलांवरून प्रकाश देतो, आणि हा दिवा हातभर अंतरावर जळतो. त्या जवळिकीची किंमत थोड्या शिस्तीनें द्यावी, म्हणजे पानें हिरवीं राहतील आणि घरही सुखरूप राहील.